नवी कोंबडी त्याच संध्याकाळी खुराड्यात घालू नका
परसातल्या कोंबड्यांसाठी होळीपूर्वीचा सल्ला, नागपूर जिल्हा

माघ सरत आला की काटोल, सावनेर, उमरेड, कुही कुठल्याही आठवडी बाजारात मधूनच एखाद्या आठवड्याला गावरान तलंगा स्वस्त होतात. धुळवड तोंडावर आलेली, गावरान कोंबडीला मागणी चढती, आणि भाव मात्र उतरलेला. अशा वेळी खूश होऊन पिशवीत हात घालण्याआधी थांबा. पुष्कळदा यामागे एकच गोष्ट असते. कुणाच्या तरी अंगणात दोन-तीन कोंबड्या मेलेल्या असतात आणि उरलेल्या मरायच्या आत पैसे करून घ्यावेत म्हणून त्यानं त्या बाजारात आणलेल्या असतात. अशी कोंबडी दिसायला ठणठणीत असते. तुरा लाल, डोळे टवटवीत. रोग अंगात शिरून चार दिवस झालेले असतात, पण बाहेर काहीच दिसत नाही.

तीच कोंबडी काखेत मारून माणूस दिवेलागणीला घरी येतो आणि घरच्या पंधरा कोंबड्यांसोबत खुराड्यात कोंडतो. अख्खी रात्र एकाच हवेत, एकाच विष्ठेवर. आठवड्याभरात पहिली कोंबडी मान टाकते. पंधराव्या दिवशी खुराड्यात दोन-तीन उरतात. परसातला कळप रिकामा होण्याची इतर कारणं आहेतच, मुंगूस आहे, ऊन आहे, पण एका फटक्यात घर साफ होतं ते या एका संध्याकाळच्या आळसानं.

रोगाचं नाव राणीखेत, गावात मानमोडी. हिरवट-पांढरी पातळ हगवण, तोंड उघडं ठेवून घरघर, लोंबलेले पंख, मग मान वाकडी होऊन कोंबडी गोल-गोल फिरते. अंड्यावरच्या कोंबड्या अंडी बंद करतात किंवा बिनकवचाची अंडी टाकतात. हा विषाणूचा रोग आहे, त्यावर औषध नाही. दुकानात पिवळी पावडर, लाल बाटली, ‘इम्युनिटी’चं टॉनिक, काहीही देतील. प्रतिजैविकानं विषाणू मरत नाही. दहा कोंबड्यांवर सहाशेची बाटली रिकामी करून कोंबड्या त्याच गतीनं मरतात, आणि दुकानदार म्हणतो, ‘उशिरा आणली हो तुम्ही.’ उशीर झालेला असतो हे खरं, पण तो बाटलीचा नव्हे. उशीर झालेला असतो लशीचा आणि वेगळं ठेवण्याचा.

21 दिवस वेगळं, म्हणजे नेमकं कसं

विकत आणलेली, भेट आलेली, बदल्यात घेतलेली, सरकारी योजनेतून मिळालेली, कुठलीही कोंबडी 21 दिवस वेगळी. योजनेतली पिल्लं सुरक्षित असतात असं धरून चालू नका. मार्च 2024 मध्ये नागपुरातल्या सरकारी उबवणी केंद्रातच बर्ड फ्लू निघाला होता आणि तिथले हजारो पक्षी नष्ट करावे लागले.

वेगळं म्हणजे त्याच खुराड्यात मधे जाळी लावणं नव्हे. घराच्या दुसऱ्या अंगाला, निदान 30 फूट लांब, आणि वारा तिकडून आपल्या खुराड्याकडे वाहत नसेल अशा जागी. डालगं चालेल, जुना पिंजरा चालेल, तुराट्यांचा आडोसा करून वर पोतं टाकलं तरी चालेल. पाण्याचं भांडं वेगळं. दाणा-पाणी आधी घरच्यांना, शेवटी नव्यांना, आणि मग साबणानं हात. उलट्या क्रमानं गेलात तर 21 दिवसांची मेहनत तुमच्याच चपलेला चिकटून खुराड्यात जाते. खुराड्याच्या तोंडाशी घमेल्यात चुना पसरून ठेवा, पाय त्यात देऊनच आत.

पहिले 14 दिवस नुसती नजर ठेवा. पंधराव्या दिवशी घरच्या कळपातली एक म्हातारी कोंबडी नव्यांसोबत ठेवा. हे जिवावर येतं, कारण ती कोंबडी एका अर्थानं पणाला लावायची असते. पण वरून धडधाकट दिसणारी नवी कोंबडी आतून रोग बाळगून असेल तर तो एका कोंबडीवर उघड होतो, पंधरांवर नाही. लस टोचलेली कोंबडी यासाठी फार उपयोगाची नाही, ती रोग दडवते. आठवडाभर ती म्हातारी नीट राहिली की मग सगळ्या एकत्र करा.

रोज संध्याकाळी एक काम, दोन मिनिटांचं. कोंबड्या खुराड्यात शिरल्या की एकेकीच्या गळ्याखाली, छातीच्या उजव्या बाजूला हात फिरवा. दिवसभर चरलेल्या कोंबडीची अन्नाची पिशवी लिंबाएवढी टच्च लागते, बोटाला दाणे कळतात. पिशवी रिकामी लागली, किंवा पाणी भरल्यासारखी लिबलिबीत लागली, तर ती कोंबडी आजारी आहे, तुरा कितीही लाल असो. कोंबड्या पाळणाऱ्या बाया आणखी एक खूण सांगतात: रोज दांडीवर बसणारी कोंबडी एखाद्या रात्री खालीच, कोपऱ्यात बसली तर दोन दिवसांत ती पडते. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण सहसा चुकत नाही. अशी कोंबडी सकाळची वाट न पाहता त्याच रात्री बाहेर काढा.

लस, आणि तिच्या नावाखाली होणारी फसगत

- पिल्लाच्या वयाचे दिवस 5 ते 7: लासोटा (राणीखेतची सौम्य लस), एका डोळ्यात किंवा नाकपुडीत 1 थेंब
- दिवस 14: गंबोरो (पिल्लांच्या आणखी एका विषाणूच्या रोगावरची लस), 1 थेंब
- दिवस 28: लासोटा पुन्हा
- 6 ते 7 आठवडे: देवीची लस
- 8 ते 10 आठवडे: राणीखेत आर-टू-बी, पंखाखाली कातडीत 0.5 मिली

वेळापत्रक सगळ्यांना पाठ असतं. बिघडतं ते पुढे. लशीची बाटली 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. मार्चच्या दुपारी मोटारसायकलच्या डिकीत ती तापत राहिली की लशीचा जोर कमी होतो. थर्मासमध्ये बर्फ घालूनच आणा. दुकानात फ्रीज चालू आहे का, बाटली हाताला गार लागते का आणि मुदत कधी संपते, हे बघूनच पैसे द्या. दुकानदाराचा चेहरा उतरला तरी बघा. लस कालवली की 2 तासांत संपवा, आणि आपल्याकडच्या उन्हात तासाभरातच संपवलेली बरी. भल्या पहाटे किंवा दिवे लागल्यावर टोचा.

लहान बाटलीही 100 मात्रांची येते. घरी 12 कोंबड्या असतील तर 88 मात्रा फेकायच्या कशा, म्हणून माणूस लसच आणत नाही. उपाय साधा आहे. आळीतल्या सात-आठ घरांनी एक दिवस ठरवावा, वर्गणी काढावी आणि एका फेरीत सगळ्या कोंबड्या आटपाव्या. आर-टू-बीची 100 मात्रांची बाटली 50 मिली द्रावणात कालवली की प्रत्येकीला 0.5 मिली बसते. पंचायत समितीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारा, तिथे लस असेल तर बाहेरून घ्यायचं कारणच नाही. शेजाऱ्याच्या कोंबड्या बिनलशीच्या राहिल्या तर तुमचं कुंपण त्यांना अडवणार नाही, हे वर्गणी काढताना ऐकवा.

दोन गोष्टी कधीच करू नका. आर-टू-बी लहान पिल्लांना टोचू नका, ती कडक लस आहे, पिल्लं लंगडतात, मरतात. आणि आजारी कोंबडीला लस देऊ नका. कळपात रोग शिरल्यावर धावत जाऊन लस टोचणारे दरवर्षी असतात. लशीचा जोर यायला 10 ते 14 दिवस लागतात, आणि तीच सुई घराघरांतून रोग फिरवते. म्हणूनच लस होळीआधी. एप्रिलच्या उन्हानं अंगातली ताकद ओढून घेतली की लस म्हणावी तशी धरत नाही.

मारायची वेळ येते तेव्हा

पाळणं सोपं आहे, मारणं अवघड. मान वाकडी झालेली कोंबडी बरी होत नाही. एखादी जगते, पण वेडावाकडा दाणा टिपत, खंगत, आणि दरम्यान विष्ठेतून रोग सोडत राहते. तिला त्याच दिवशी संपवणं हा तिच्यावरचा आणि उरलेल्यांवरचा उपकार आहे. पाय एका हातात, डोकं दुसऱ्या हाताच्या बोटांत, एकाच झटक्यात खाली ओढून मागे मोडायचं. हात कचरत असेल तर सवयीच्या माणसाला बोलवा, अर्धवट ओढणं सगळ्यात वाईट. तीन फूट खड्डा, खाली चुना, वर चुना, विहिरीपासून लांब. उकिरड्यावर किंवा नाल्यात टाकलीत तर कुत्री आणि कावळे ती अख्ख्या गावाला वाटतील.

विकायची नाही. ‘मरायच्या आत विकून टाकू’ हा विचार ज्याच्या मनात येतो, त्याचीच कोंबडी पुढच्या बुधवारी कुणाच्या तरी काखेत असते. या रोगाला पाय नाहीत, तो आपल्याच पायांनी बाजार करतो.

एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या पटापट मेल्या, तुरे निळे-जांभळे पडले, डोकं सुजलं, तर मात्र हात लावू नका. कापू नका, पिसं काढू नका, पुरण्याचीही घाई करू नका. 1962 या पशुवैद्यकीय सेवेच्या क्रमांकावर फोन लावा. हा बर्ड फ्लू असू शकतो आणि तो माणसालाही लागतो. डिसेंबर 2024 च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाड्यातल्या वन्यप्राणी बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगानं गेले. बातमी लपवण्याचं मुख्य कारण भीती असते: सरकारी माणसं येतील आणि सगळ्या कोंबड्या नेतील. येतील, आणि रोग ठरला तर एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या नष्ट करतील. पण भरपाई नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. लपवून चार दिवस काढलेत तर कोंबडीही जाते आणि पैसाही.

उरलेले निर्णय कमी दुःखाचे आहेत. 8 ते 10 कोंबड्यांना एक कोंबडा पुरे, बाकीचे धुळवडीलाच विका, पण निरोगी असताना. तीन वर्षांवरची कोंबडी अंडी देत नसेल पण पिल्लं चांगली फिरवत असेल तर राहू द्या.

उन्हाळ्याची तयारी

- पत्र्यावर चुना, त्यावर तुराट्या-पऱ्हाट्यांचा थर
- रात्री प्रत्येक कोंबडीला निदान दीड ते दोन चौरस फूट जागा
- पाणी मातीच्या पसरट भांड्यात, कडुनिंबाच्या सावलीत, दिवसातून तीनदा बदलून
- दाणा पहाटे आणि सूर्य कलल्यावर, 11 ते 4 दरम्यान नाही (दाणा पचताना अंगात उष्णता होते)
- राख आणि कोरड्या मातीचा खड्डा, उवा-पिसवांसाठी
- भाजून कुटलेली अंड्याची टरफलं किंवा शिंपल्याचा चुरा (कॅल्शियमची बाटली लागत नाही)
- जंताचं औषध दर 2-3 महिन्यांनी, वजन सांगून डॉक्टरांकडून लिहून घेतलेलं

ओली पोती लावताना एक बाजू मोकळी ठेवा. चारही बाजूंनी ओली पोती लावून वारा बंद केला की आत वाफ कोंडते आणि कोंबडी उन्हापेक्षा लवकर मरते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कोंबडी तोंड वासून धापा टाकत पंख पसरून बसली तर तिला उचलून सावलीत न्या आणि पाय साध्या पाण्यात बुडवा, डोक्यावर बर्फाचं पाणी ओतू नका. पाण्यात लिंबू आणि थोडा गूळ घालतात, त्यानं अपाय नाही. मीठ चिमटीपेक्षा जास्त नको. दुकानातलं ‘समर टॉनिक’ दाण्याच्या पैशातून घेणार असाल तर दाणाच घ्या.

चाऱ्यात दोन धोके खास आपल्या भागातले. सरकीची ढेप गाईला ठीक, कोंबडीला नको, अंड्याचा बलक काळपट-हिरवा पडतो. आणि पेरणीनंतर उरलेलं औषध लावलेलं सोयाबीनचं किंवा कपाशीचं बी धुऊनसुद्धा कोंबड्यांपुढे टाकू नका. पिसवांवर कपाशीचं फवारणीचं औषध मारणारेही आहेत, त्यात कोंबडीच आधी मरते.

खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. 10 ते 12 अंडी, 21 दिवस. घर तापू लागलं की बीजाची अंडी तीन-चार दिवसांपेक्षा जास्त साठवू नका, ओल्या वाळूत माठाशेजारी ठेवा.

शेवटचं एक, कारण लग्नसराई येतेय. बहिणीनं, व्याह्यानं प्रेमानं दिलेली कोंबडी नाकारता येत नाही, आणि पाहुण्यांसमोर ती वेगळी बांधायला संकोच वाटतो. घ्या, आनंदानं घ्या. पाहुणे गेले की डालग्याखाली, घराच्या पलीकडच्या अंगाला, आणि डालग्यावर खडूनं आजची तारीख.