रत्नागिरीला निघालात? मग वेळेच्या या चुका टाळा

रत्नागिरीला येणारे पाहुणे ठिकाणं बरोबर शोधतात आणि वेळ चुकवतात. सोमवारी थिबा राजवाड्याच्या बंद फाटकाशी उभे राहतात, जुलैत ताजी सुरमई मागतात, भर दुपारी एक वाजता रत्नदुर्ग किल्ला चढतात आणि मग घरी जाऊन सांगतात, 'काही विशेष नाही हो.' हे बंदराचं गाव आहे. इथलं बरंचसं वेळापत्रक समुद्र, पाऊस आणि पंचांग मिळून ठरवतात. ते आधी बघून घेतलं तर निम्मी फजिती टळते.

भरती-ओहोटी न बघता किनाऱ्यावर जाणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मोबाइलवर हवामान बघतात, भरतीची वेळ कोणी बघत नाही. नेट नसलं तरी कोकणात एक जुना हिशेब चालतो: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, तासभर इकडेतिकडे धरायचा. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त वर चढतं आणि जास्त लांब ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याचा जोर कमी.

आता हे अनंत चतुर्दशीला लावून बघा. चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे दुपारी साडेचारच्या सुमारास समुद्र आत गेलेला, वाळू लांबवर मोकळी. पाहुण्यांना वाटतं, वा, काय जागा आहे! गाडी थेट वाळूत. मिरवणुका येईपर्यंत अंधार पडतो, पाणी परत फिरलेलं असतं आणि तेही जवळजवळ उधाणाचं. दरवर्षी कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर एखादी गाडी अशी चाकापर्यंत पाण्यात उभी असते आणि भोवती सल्ले देणारे पन्नास जण.

गाडी वाळूत न नेणं हा खरा उपाय. पण रुतलीच, तर पहिली गोष्ट, अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहू नका. चाक जितकं फिरतं तितकं खोल जातं. माणसं उतरवा, स्टिअरिंग सरळ ठेवा, टायरमधली थोडी हवा सोडा, चाकापुढची वाळू हाताने काढा आणि खाली गाडीतल्या मॅट किंवा नारळाच्या झावळ्या घाला. मग हलक्या पायाने गाडी काढा. पाणी चढायला लागलं असेल तर प्रयोग बंद करून लगेच गावातली माणसं आणि ट्रॅक्टर बोलवा. इथे लाज बाळगून चालत नाही.

पोहण्याचंही तसंच. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसायला देखणा आहे, पण तिथे बुडण्याच्या घटना होत आल्या आहेत. जिथे लाटा फुटताना दिसत नाहीत आणि पाणी शांत वाटतं, तीच जागा बऱ्याचदा आत ओढणाऱ्या प्रवाहाची असते. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झटापट करू नका. किनाऱ्याला समांतर आडवं पोहा, ओढ संपली की मग किनाऱ्याकडे या. आणि जीवरक्षकाने शिट्टी मारली तर वाद घालू नका, त्याला तुमच्या सुट्टीशी काही वैर नसतं.

जून-जुलैत ताज्या मासळीचा हट्ट

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. हे दिवस मासळीच्या विणीचे, आणि दर्याही खवळलेला. तरीही ताटात सुरमई हवीच म्हणाल तर ती बहुधा बर्फातली किंवा फ्रीजरमधली निघणार. त्या दिवसांत खाडीची मासळी आणि सुकी मासळी विचारा. सुक्या बोंबलाची चटणी, जवळा, वर सोलकढी. पावसाळ्यात जेवायला याहून काय हवं!

ऑगस्टनंतर मात्र मिरकरवाडा बंदरावर जरूर जा, फक्त 'फोटो पॉइंट' समजून जाऊ नका. बोट लागते, टोपल्या नि क्रेट खाली उतरतात, बर्फाचा चुरा पायाखाली, आणि लिलाव इतका झटपट होतो की भाव कुठे ठरला ते नवख्याला कळतच नाही. मधोमध मोबाइल घेऊन उभं राहणाऱ्याला ओरडा बसतो, तो रागाने नाही, डोक्यावर ओझं असतं म्हणून. चिखलात घसरणार नाही अशी चप्पल घाला, कडेला उभे राहा, बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. किरकोळ मासळी घेताना कल्ले उघडून बघा. लालभडक असावेत, डोळा खोल गेलेला नसावा, पोट दाबल्यावर खड्डा राहू नये. आधी भाव करून मग बघत बसणं उलटं आहे.

सणाला यायचं, पण सण कुठे असतो ते ठाऊक नसणं

मुंबई-पुण्यातला माणूस गणेशोत्सवात रत्नागिरीत येतो आणि मोठ्या मंडळांचे देखावे शोधतो. मंडळं आहेत, पण कोकणातला गणपती मुळात घरातला. गणपतीच्या वर माटवी, म्हणजे लाकडी चौकट बांधलेली, तिला कवंडळं, हरणं अशी रानफळं-फुलं, सुपाऱ्या टांगलेल्या, वाडीतली माणसं घरोघर आरत्या म्हणत फिरणारी, रात्री भजन नाहीतर जाखडी नाच. हे बघायला कुणाचं तरी घर लागतं. ओळखीच्याच्या ओळखीने का होईना, एका घरी आरतीला जा, पुढच्या चार घरी तेच घेऊन जातील. जाताना हातात फुलं किंवा नारळ असावा, कॅमेरा नंतर.

दुसरं, या दिवसांत गावातल्या खानावळी आणि छोटी हॉटेलं बंद असू शकतात, कारण चालवणारेही घरी गणपतीपुढे असतात. बऱ्याच घरांत आणि खानावळींत तेव्हा मासेही शिजत नाहीत. राहण्याचं बुकिंग करताना जेवणाचं विचारून घ्या, नाहीतर बिस्किटांवर दिवस काढाल.

गणपतीपुळ्याची गंमत निराळी. तिथल्या परिसरात घरोघर वेगळा गणपती बसवत नाहीत, पुळ्याचा स्वयंभू गणपती हाच सगळ्यांचा. भाद्रपद चतुर्थीला गाभाऱ्यात जाऊन त्याला स्पर्श करता येतो, म्हणून त्या दिवशी रांग कुठवर जाईल सांगता येत नाही. निवांत दर्शन हवं असेल तर चतुर्थी, अंगारकी आणि लागून आलेल्या सुट्ट्या सोडून या. डोंगरच देव मानलेला असल्याने प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला असते. अनवाणी, दुपारच्या उन्हात ती करायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. सकाळीच उरका.

शिमग्याची चूक याहून मोठी. लोक होळी आणि धुळवड असे दोन दिवस धरून येतात. कोकणात शिमगा फाल्गुन शुद्ध पंचमीच्या फाकपंचमीपासून सुरू होतो आणि पालख्या पुढे कितीतरी दिवस फिरत राहतात. काही गावांत तेरसे शिमगे, म्हणजे त्रयोदशीला होळी, काही गावांत भद्रेचे, म्हणजे पौर्णिमेला. पालखी कुठल्या दिवशी कुठल्या वाडीत, हे मानकरी आणि गावकरी ठरवतात. कॅलेंडरात ते सापडायचं नाही, गावातच विचारावं लागतं. रत्नागिरी शहरात ग्रामदैवत श्रीदेव भैरीची पालखी. ती सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर, बसलेली असेल तेव्हा गर्दीतही नीट दर्शन होतं. नाचवताना मात्र जवळ घुसू नका. खांद्यावर पालखी घेतलेले लोक ढोलाच्या तालावर वळतात, मागे तुमचा सेल्फी चाललाय हे त्यांना दिसत नाही. घरी पालखी आली की ओटी भरतात, गाऱ्हाणं घालतात. त्या वेळी चपला बाहेर आणि मोबाइल खिशात.

आणि एक. या दिवसांत आडवाटेवर पोरं दोरी धरून गाडी अडवतात. घाबरू नका, ही लुटालूट नव्हे, शिमग्याचं पोस्त मागतायत. पाच-दहा रुपये हसून द्या, दोरी खाली येते. कायदा शिकवायला उतरलात तर बोंबा ऐकाल, आणि त्या ऐकवायला पोरं शिमग्यात मोकळीच असतात.

थिबा, किल्ला आणि सडा: एका दुपारी सगळं उरकणं

थिबा राजवाड्यात वस्तुसंग्रहालय आहे आणि ते सोमवारी बंद असतं. सोमवारीच हातात वेळ असेल तर थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी बघा, राजवाडा मंगळवारी. जाण्याआधी एवढं माहीत असू द्या: ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केलं, 1886 मध्ये इथे आणून ठेवलं, आणि राजवाडा बांधून झाला तो 1910 च्या सुमारास. थिबा गेला 1916 मध्ये. म्हणजे नजरकैदेची बहुतेक वर्षं त्याने या वास्तूबाहेरच काढली. त्याची समाधीही शहरातच आहे, तिथे फार कमी लोक जातात. 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष मात्र मुद्दाम येऊन गेले.

टिळकांचं जन्मस्थान आणि भागोजीशेठ कीरांनी उभारलेलं 1931 चं पतितपावन मंदिर शहरातच. उन्हाची वेळ यांच्यासाठी ठेवा. रत्नदुर्ग संध्याकाळचा, तीन बाजूंनी समुद्र असलेल्या किल्ल्यावर मावळतीला जे मिळतं ते दुपारी नाही.

कातळशिल्पांचं, म्हणजे कातळावर कोरलेल्या जुन्या चित्रांचंही तसंच. उक्षी किंवा कशेळीचा कोरलेला हत्ती भर दुपारी बघायला गेलात तर जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, रेघाच दिसणार नाहीत, कारण सावली पडत नाही. सकाळी लवकर किंवा चारनंतर तिरपं ऊन पडलं की सोंड, पाय, सगळं उठून येतं. शिल्पावर उभं राहून फोटो काढू नका, रेघांत खडू किंवा रंग भरू नका. कोकणातली काही कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत आहेत.

मार्चमध्ये आंबा शोधणं

हापूस मार्चमध्ये दिसतो, पण महाग आणि थोडा. एप्रिलच्या मध्यापासून मेपर्यंत खरा हंगाम. गाडीने न्यायचा असेल तर तयार फळ घेऊ नका, वाटेतल्या उन्हात त्याचा लगदा होतो. कडक फळ घ्या आणि घरी गवतात आढी घालून पिकवा. पेटी घेताना फक्त वरचा थर बघू नका, खालचं एखादं फळ काढून हुंगा. एखाद्या आंब्यात साका निघाला, आतला गर पांढरट नि चिवट निघाला, तर तो बाहेरून कुणालाच ओळखता येत नाही. त्यासाठी बागायतदाराशी भांडू नका.

प्रवासाच्या बारीक चुका

रेल्वे स्टेशन कुवारबावला, शहराबाहेर आहे. हॉटेल 'स्टेशनजवळ' घेतलंत तर समुद्र लांब पडतो. रिक्षाचे पैसे बसण्याआधी ठरवा. गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि बघता बघता भरतं. ते चुकलं तर नंतर जाहीर होणाऱ्या विशेष गाड्यांवर लक्ष ठेवा, नाहीतर कोल्हापूरमार्गे आंबा घाटाने या. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या हळू धावतात, तेव्हा परतीला लागून दुसरी गाडी ठेवू नका. आणि गणपतीपुळ्याहून गुहागरला जायचं तर परत महामार्गावर येण्याची गरज नाही. जयगडला फेरीबोट आहे, गाडीसकट तवसाळला उतरवते. फक्त शेवटची फेरी किती वाजता आहे ते दुपारीच फोन करून विचारा.