कॅम्परची काच बाहेरून झाकली आणि दुपार सुसह्य झाली

मे महिन्यात कोकण किनाऱ्यावर उभी केलेली कॅम्पर व्हॅन म्हणजे भट्टीच. छताला फोम होता, तरी समोरच्या काचेतून ऊन आत यायचं आणि डॅशबोर्डला हात लावला की चटका बसायचा. काच ऊन आत घेते, पण तापलेल्या वस्तूंची उष्णता सहजी बाहेर सोडत नाही. त्यामुळे आतला पडदा कितीही जाड असला तरी अर्धंच काम करतो.

पत्र्याच्या शेडखाली लावतात ती फुग्याफुग्यांची चंदेरी शीट आणली. वर्तमानपत्रावर प्रत्येक खिडकीचं माप घेतलं, दोन बोटं जास्त ठेवून तुकडे कापले, कडांना रेक्झिनची पट्टी शिवून घेतली. समोरचा तुकडा बाहेरून लावतो. त्याचे दोन्ही कान दारांत धरून दारं बंद केली की गुहागरच्या वाऱ्यातही तो जागचा हलत नाही. बाजूच्या खिडक्यांना आतून, चकचकीत बाजू काचेकडे. सक्शन कपच्या नादी लागू नका. उन्हात पटापट सुटतात. चुंबकं टिकतात, फक्त कापडात शिवा, नाहीतर खाऱ्या हवेने गंजतात.

घामाचं मात्र शीट काही करू शकत नाही. त्यासाठी दुपारी समुद्राकडची खिडकी थोडी उघडी ठेवतो आणि छतावरचा पंखा हवा बाहेर फेकायला लावतो. सूर्य कलला की सगळ्या शीट काढायच्या, म्हणजे आतली ऊब निघून जाते. रात्री मतलई वारे सुटले की डोंगराकडची खिडकी उघडायची, मच्छरदाणी लावूनच.