टीबीत अँटीबॉडीवर काम करायचंय? जेआरएफला (ज्युनियर रिसर्च फेलोशिपला) येणाऱ्यांसाठी थोडं

एमएस्सी मायक्रो किंवा बायोटेक करून टीबीच्या लॅबमध्ये यायचं ठरवलेली मुलं हमखास विचारतात, की टीबीत सगळं टी-सेलवरच (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवरच) चालतं ना, मग अँटीबॉडीवर पीएचडी कशाला? प्रश्न बरोबरच आहे, आम्हालाही तसंच शिकवलेलं. जंतू मॅक्रोफेजच्या (जंतू गिळणाऱ्या पेशीच्या) आत दडून बसतो आणि अँटीबॉडी बाहेर रक्तात, मग ती त्याला गाठणार कशी? डिप्थीरियात अँटीबॉडी असलेलं सीरम (रक्तातला पाण्यासारखा भाग) देऊन गुण यायचा, बेरिंगला त्यावर १९०१ चं नोबेल मिळालं, पण टीबीत सीरम देऊन पाहिलं तर कधी फरक पडायचा कधी नाही, त्यात एचआयव्हीत सीडी४ पेशी (टी-सेलचाच एक प्रकार) घटल्या की टीबी डोकं वर काढतो हेही दिसलं, मग बहुतेकांनी अँटीबॉडीचा नाद सोडला.

पण २०१६ मध्ये सेल जर्नलला गॅलिट ऑल्टर, सारा फॉर्च्यून वगैरे संशोधकांचा पेपर आला तो आधी वाचा, बाकी सगळं नंतर. त्यांनी लेटंट टीबी (जंतू अंगात, पण आजार नाही) असलेल्यांच्या आणि आजारी पेशंटच्या रक्तातल्या अँटीबॉडी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. फरक निघाला तो अँटीबॉडीच्या एफसी भागावरच्या (पेशीला धरणाऱ्या शेपटीवरच्या) साखरेत! लेटंटवाल्यांच्या अँटीबॉडी दिल्या की मॅक्रोफेज आतला जंतू जास्त चांगला मारत होते. म्हणजे अँटीबॉडी किती आहे यापेक्षा ती पेशीवरच्या कुठल्या रिसेप्टरला धरते आणि पेशीला काय करायला लावते हे बघायचं, आणि माझ्या मते आत्ता नवीन माणसाला सगळ्यात जास्त वाव इथेच आहे.

याच कारणासाठी नुसत्या एलायझावर (अँटीबॉडी किती आहे ते रंगावरून मोजणाऱ्या टेस्टवर) विसंबू नका. एलायझा शिका मात्र मनापासून, कारण पहिले काही महिने हातात तेच असतं: प्लेट कोट करा, ब्लॉक करा, सीरम, मग एचआरपी एन्झाइम जोडलेली सेकंडरी अँटीबॉडी (पहिल्या अँटीबॉडीला चिकटणारी), प्रत्येक स्टेपनंतर धुवून टिश्यूवर नीट आपटून कोरडी करा, टीएमबी (रंग देणारं रसायन) टाकलं की निळं, ॲसिड टाकलं की पिवळं, आणि ४५० नॅनोमीटरला रीडिंग. धुण्यात कंटाळा केला की ज्यात रंग यायला नको त्या कंट्रोलच्या वेलसुद्धा (प्लेटमधले खळगे) रंगतात. घरचे विचारतील की मग रक्तातल्या अँटीबॉडीवरून टीबी ओळखता येतो का, तर नाही, असल्या किट इतके चुकीचे निकाल द्यायचे की २०११ ला डब्ल्यूएचओने वापरू नका म्हणून सांगितलं आणि २०१२ ला भारत सरकारने बंदीच घातली. फुप्फुसाच्या टीबीला थुंकीच तपासायची.

टीबीचा जंतू दुप्पट व्हायलाच जवळजवळ एक दिवस घेतो आणि एलजेवर (जंतू वाढवायच्या माध्यमावर) कॉलनी दिसायला कित्येक आठवडे, त्यात बीएसएल-३ चं (धोकादायक जंतूंसाठीच्या खास सुरक्षित लॅबचं) ट्रेनिंग झाल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. तोवर स्मेग्मॅटिस (टीबीच्या जंतूचा निरुपद्रवी भाऊबंद) वाढवा, तीन-चार तासात दुप्पट होतो, आणि टीएचपी-१ पेशींवर (लॅबमध्ये वाढवलेल्या, मॅक्रोफेज बनवता येणाऱ्या माणसाच्या पेशी) हात बसवून घ्या.

जॉइन होण्याआधी गाइडला स्पष्ट विचारा की बीएसएल-३ स्वतःची आहे का दुसऱ्या इन्स्टिट्यूटची, पेशंटचे सॅम्पल कुठून येणार, एथिक्स कमिटीची परवानगी हातात आलीय का अजून अर्जच करायचाय. विचारायला संकोच वाटेल तरी विचारा, कारण परवानगीला लागणारा वेळ तुमच्या फेलोशिपमधूनच जातो.