मुख्य दरवाजाचे कुलूप नीट लागत नसेल तर

सर्वप्रथम दार उघडे ठेवून किल्ली फिरवावी. उघड्या दारात कुलपाची दांडी सहज आतबाहेर होत असेल, तर दोष बहुधा कुलपात नसून दार आणि चौकट यांच्या जुळणीत असतो; ही चाचणी केल्याशिवाय नवे कुलूप घेण्याची घाई मुळीच करू नये.

जुळणी बिघडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे वरच्या बिजागरीचे सैल झालेले स्क्रू, ज्यामुळे दाराची कुलपाकडील बाजू खाली उतरते आणि दांडी चौकटीवरील पट्टीच्या खाचेत न शिरता तिच्या खालच्या कडेवर अडते. ते स्क्रू घट्ट आवळावेत. आवळताना ते नुसतेच फिरत असतील, तर भोकात गोंद लावलेल्या लाकडी काड्या ठोकाव्यात आणि गोंद पूर्ण वाळल्यावर स्क्रू पुन्हा बसवावेत.

तरीही अडत असल्यास दांडीच्या टोकाला खडू लावून दार बंद करावे आणि किल्ली फिरवावी, म्हणजे पट्टीवरील खुणेवरून अडथळ्याची जागा कळते. फरक एकदोन मिलिमीटरचा असेल तर खाच कानशीने वाढवावी, अधिक असेल तर पट्टी सरकवावी. दमट हवेत लाकूड फुगते. म्हणून केवळ त्या दिवसांत घासणाऱ्या दाराला लगेच रंधा मारू नये, कारण हवा कोरडी झाल्यावर तेथे फट राहते.

उघड्या दारातही किल्ली जड फिरत असेल, तर कुलपात ग्राफाइटची पूड घालावी. खाद्यतेल कटाक्षाने टाळावे, कारण त्यावर धूळ चिकटून आतील भाग अधिकच अडकतात.