आधी धुवा, मग कॅलिब्रेट करा: पीएच इलेक्ट्रोडचं म्हातारपण कसं ओळखायचं

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नवीन रुजू झालेल्याला पीएचचा आकडा सरकलेला दिसला की तो लगेच बफर (ठरावीक पीएचचं द्रावण) काढतो. पण मळलेल्या इलेक्ट्रोडचं कॅलिब्रेशन, म्हणजे मीटरचा आकडा बफरशी जुळवणं, फार काळ टिकत नाही. चुना आणि सल्फर डायऑक्साइड दिलेल्या रसात इलेक्ट्रोडच्या टोकाच्या काचेच्या बल्बवर कॅल्शियमचा थर बसतो. तसंच कॅलिब्रेट केलं, की थर वाढला किंवा सुटला तरी आकडा पुन्हा सरकतो.

थर काढायला ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात १५ ते ३० मिनिटं बुडवून ठेवा. हे आम्ल करताना हातमोजे आणि चष्मा घाला, आणि संहत आम्ल (सुमारे ८.३ मिली) पाण्यात ओतून १ लिटर करा, आम्लावर पाणी कधीच ओतू नका. तेलकटपणा असेल तर सौम्य डिटर्जंट पुरतो. नंतर डिस्टिल्ड पाण्याने धुऊन ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये तासभर ठेवा. बल्ब पुसू नका, टिश्यू पेपरने नुसतं टिपा. घासल्याने काचेवर स्थिर विद्युतभार येतो आणि आकडा बराच वेळ हलत राहतो.

आता बफर. आधी ७.००, मग ४.०१, दोन्ही ताजे आणि एकाच तापमानाचे. वापरलेला बफर बाटलीत परत ओतायचा नाही. १०.०१ चा बफर तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खाली येतो, म्हणून तो उघडा ठेवूच नका. मीटर मिलीव्होल्टवर ठेवून दोन्ही आकडे वहीत लिहा, कारण वय तिथे दिसतं. २५ अंशांना या दोन बफरांतलं अंतर १७७ मिलीव्होल्ट हवं. समजा ७ मध्ये उणे १२ आणि ४ मध्ये अधिक १५५ आले, तर अंतर १६७, म्हणजे स्लोप (हव्या असलेल्या अंतराच्या किती टक्के आलं ते) ९४ टक्के. असा इलेक्ट्रोड अजून चालेल. धुऊनही स्लोप ८५ टक्क्यांच्या खाली राहिला, किंवा ७ च्या बफरमधला आकडा शून्यापासून ३० मिलीव्होल्टपेक्षा जास्त दूर गेला, तर नवीन मागवा. आकडा स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटं लागू लागली, तर तीही म्हातारपणाची खूण आहे.

सगळ्या बफरमध्ये जवळपास एकच आकडा येत असेल, तर बल्बला तडा गेलाय का किंवा कनेक्टरमध्ये ओल शिरलीय का ते बघा. बल्बच्या काचेचा रोध मेगाओहममध्ये असतो, त्यामुळे जरा दमटपणाही सिग्नल खाऊन टाकतो. भरता येणाऱ्या इलेक्ट्रोडचं झाकण मोजताना उघडं हवं आणि आतलं द्रावण नमुन्याच्या पातळीच्या वर हवं. नाहीतर रस उलटा आत शिरतो आणि जंक्शन (आतलं द्रावण नमुन्याला जिथे भेटतं ती सच्छिद्र जागा) चोंदतं.

गाळप संपलं की इलेक्ट्रोड डिस्टिल्ड पाण्यात ठेवणं ही सर्रास होणारी चूक, कारण त्याने आतले क्षार बाहेर झिरपतात. १०० मिलीत २२.४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळवून बल्बवरच्या टोपीत भरा आणि बंद हंगामात दर महिन्याला टोपी सुकली नाही ना ते पाहा. कपाटात ठेवलेला नवा इलेक्ट्रोडही म्हातारा होतच असतो, तेव्हा एकदम चार-पाच घेऊन ठेवू नका.