विसरलेले इंडीपॉप बँड शोधायचेत? लेबल धरा

बँडच्या नावाने शोधलं की अल्गोरिदम तेच ते चार बँड फिरवून फिरवून पुढ्यात वाढतो. त्यापेक्षा लेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीच्या, मागे लागा. इंडीपॉपमधली (इथे भारतीय पॉप नव्हे, छोट्या स्वतंत्र लेबलांवरचं गिटार-पॉप) बरीच लेबलं एक-दोन माणसांनी हौसेने चालवलेली. निवड त्यांचीच, म्हणून एक बँड आवडला की शेजारचाही बहुधा आवडतो. ब्रिस्टलचं सारा रेकॉर्ड्स (१९८७ ते १९९५) घ्या. डिस्कॉग्स या रेकॉर्डांच्या ऑनलाइन सूचीवर त्याचं पान उघडून यादी वर्षाप्रमाणे लावा. द फील्ड माइस सगळ्यांना माहीत असतो. ब्राइटर, द ऑर्किड्स, ब्लूबॉय तिथेच सापडतात. (ब्लूबॉय आधी ऐका, बाकीचे थांबतील.)

जपानी बँडसाठी मात्र वेगळी युक्ती लागते. रोमन लिपीत शोधलं तर हाती फारसं काही लागत नाही. डिस्कॉग्सवरच्या बँडच्या पानावर जपानी लिपीतलं नाव बहुतेक वेळा दिलेलं असतं. ते कॉपी करून यूट्यूबवर टाका. जुने व्हिडिओ, टीव्हीवरचे कार्यक्रम वर येतात. सुरुवात फ्लिपर्स गिटारपासून करा. १९८९ चा त्यांचा पहिला अल्बम इंग्रजीत आहे, त्यामुळे कान लगेच जुळतो. मग ॲडव्हांटेज लूसी.

आणि नव्या बँडसाठी बँडकॅम्प, ही संगीत विकणारी साइट. अल्बमच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांचे छोटे फोटो दिसतात. त्यातल्या एखाद्यावर क्लिक केलं की त्या माणसाचा अख्खा संग्रह उघडतो. कमी खपलेल्या अल्बमचे गिऱ्हाईक निवडा, ते जास्त चोखंदळ असतात.