पानभुंगेऱ्याची नवी जात जाहीर करण्याआधी

पहिल्या पावसानंतर सह्याद्रीत पानांची चाळण करणारे बारके भुंगेरे हाती लागतात, कुठल्याच ओळखतक्त्यात बसत नाहीत, आणि लगेच नाव सुचायला लागतं. नाव शेवटी ठेवा. पानभुंगेऱ्यांच्या क्रायसोमेलिडी या कुळात 35 हजारांहून अधिक जातींची नोंद आहे; मुगाच्या डब्यात भोकं पाडणारा भुंगेरासुद्धा याच कुळातला. तेव्हा तुमचा भुंगेरा कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी चार ओळींत वर्णन करून ठेवलेला असू शकतो, आणि बहुतेक तयारी ही शंका फेडण्यासाठीच करायची असते.

जंगलात शिरण्याआधी वन विभागाची लेखी परवानगी खिशात हवी. सोबत झटकाछत्री (फांदी झटकल्यावर पडणारे किडे झेलायला), चूषक नळी (किडे ओढून घ्यायला) आणि 95 टक्के अल्कोहोल भरलेल्या छोट्या कुप्या घ्या. डीएनए काढायचा असेल तर काही नमुने थेट अल्कोहोलातच गेले पाहिजेत. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, बॉलपेनची शाई अल्कोहोलात उतरते. तारीख, गाव, उंची, अक्षांश-रेखांश हे सगळे लिहितातच. राहून जाते ती वनस्पती. भुंगेरा पानावर बसला होता की पान खात होता, हे डोळ्यांनी पाहून लिहा. शक्यतो फुला-फळांसकट फांदी दाबून आणा, नुसत्या पानावरून वनस्पतितज्ज्ञही हात टेकतो. एका जागी एकच नर सापडला तर पुन्हा जा. एका नमुन्यावर जात उभी करता येते, पण फरक जातीचा की त्या एकट्या किड्याचा, हे मग सांगता येत नाही.

प्रयोगशाळेत रंगावर फार विसंबू नका. नुकताच कोषातून निघालेला भुंगेरा फिका आणि मऊ असतो, त्याला होलोटाइप, म्हणजे जातीचं नाव ज्याच्याशी कायमचं बांधलं जातं तो एकमेव नमुना, करू नये. पाय नीट पाहा: पावलाला चारच पेरं दिसतात, पण तिसऱ्या दुभंग पेराच्या बेचक्यात चौथं इवलंसं पेर दडलेलं असतं, म्हणजे खरी पाच. मागची मांडी फुगीर असेल तर उड्या मारणाऱ्या गटाचा, आल्टिसिनीचा, संशय घ्या. त्या मांडीत वळलेली कठीण स्प्रिंग असते. पण जवळच्या जाती वेगळ्या काढायच्या तर शेवटी नराचं जननांग काढावंच लागतं. वाळलेला नमुना गरम पाण्यात मऊ करा, पोटातून आकडीच्या सुईनं अवयव अलगद ओढा, 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून मांस सोडवा, धुऊन ग्लिसरीनमध्ये घ्या. वरून, खालून आणि बाजूनं असं तिन्हीकडून चित्र काढा. बाजूचा बाक पुष्कळदा निर्णायक ठरतो. मादीचा शुक्रकोषही सोडू नका. काढलेला अवयव त्याच टाचणीखाली छोट्या कुपीत राहिला पाहिजे, नाहीतर कोणता कुणाचा ते कळत नाही.

मग जुनं साहित्य. भारतापुरतं ब्रिटिश काळातल्या प्राणिसूचीतले जॅकोबी यांचा 1908 चा खंड आणि माउलिक यांचे 1919, 1926 व 1936 चे खंड उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यानंतरचे सुटे शोधनिबंधही चाळा. तिथली वर्णनं त्रोटक आहेत, म्हणून मूळ नमुन्यांची छायाचित्रं मागवावी लागतात. बरेच नमुने लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. उत्तराला वेळ लागतो, म्हणून पत्र आधी टाका आणि चित्रं नंतर काढत बसा. हे टाळून लिहिलेली जात पुढच्या अभ्यासकाला रद्द करत बसावी लागते.

कागदोपत्री तीन गोष्टी. जात नवी आहे हे निबंधात स्पष्ट लिहायचं. होलोटाइप ठरवून तो कुठल्या संग्रहात ठेवला ते नोंदवायचं. आणि निबंध फक्त इलेक्ट्रॉनिक निघणार असेल तर प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतल्या 2012 च्या दुरुस्तीप्रमाणे आधी झूबँकेत, म्हणजे प्राणिनावांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी करून तसा पुरावा निबंधात छापायचा. शिवाय जैवविविधता कायदा 2002 च्या कलम 39 नुसार नव्या जातीची माहिती नेमलेल्या भांडाराला कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो.

एवढं झालं की नाव. विशेषण असेल तर प्रजातीच्या (जीनसच्या) नावाच्या लिंगाशी जुळवा, त्याच प्रजातीत ते नाव आधी कुणी वापरलंय का ते तपासा. स्वतःचं नाव द्यायला नियमाची आडकाठी नाही, लोक मात्र हसतात. मग होलोटाइपला लाल चिठ्ठी लावा आणि पेटी टपालानं न पाठवता, जमलं तर स्वतः नेऊन द्या.